जुन्या गाडीला एलईडी दिवे : उजेड किती, यापेक्षा तो पडतो कोठे?



गळीत हंगाम तोंडावर आला आहे. तोडीचे प्रोग्रॅम लागतील, टोळ्या येतील आणि काट्यावर रांगा लागतील. ऊस रात्रंदिवस चालतो, म्हणजे आपल्या गाड्याही रात्रभर रस्त्यावर असतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, टायरगाड्या आणि सभासदांच्या जुन्या जीप, मारुती, ओमनी या सगळ्यांची एकाच अरुंद डांबरीवर गाठ पडते. दिव्यांच्या विषयात ऊस विकास विभागाने का पडावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. उसाच्या वाहतुकीत अंधारात माणूस दगावतो, बैल दगावतात, आणि बहुतेक वेळा "दिसलेच नाही" एवढेच कारण सांगितले जाते.

गट ऑफिसला गेले की आजकाल एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, गाडी जुनी झाली, लाईट मिणमिणते. एलईडी टाकून घेऊ का?" एकेकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा सर्वांसाठी या अंकात सविस्तर लिहीत आहोत.

आमचे उत्तर थोडक्यात असे : आधी जुना दिवा नीट करा. तरीही भागले नाही तर पूर्ण दिवाच चांगला आणि परवानगीचा घ्या. जुन्या वाटीत नुसता एलईडी बल्ब खोचू नका. असे का, ते खाली वाचावे.

एलईडी म्हणजे काय?

आपल्या जुन्या बल्बमध्ये तार तापून पांढरी होते आणि उजेड देते. त्यात बरीचशी वीज उष्णतेत जाते. एलईडीमध्ये तार नसते. एका लहानशा चिपमधून वीज गेली की चिपच उजेड देते. लाल-हिरव्या एलईडी फार पूर्वीपासून होत्या, पण निळी जमत नव्हती. ती १९९० नंतरच्या वर्षांत जपानमध्ये नीट जमली. त्या कामासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या चिपवर पिवळ्या पावडरीचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. २००७ साली लेक्सस या जपानी मोटारीला डिपचा दिवा एलईडीचा आला, आणि पुढे नवीन गाड्यांत तो सर्रास झाला.

एलईडीला वीज कमी लागते आणि ती पुष्कळ वर्षे टिकते, हे खरे आहे. नव्या गाडीचा एलईडी दिवा उत्तम असतो हेही खरे आहे. पण तेथे चिप, भिंग आणि वाटी ही तिन्ही एकमेकांसाठीच बनवलेली असतात. जुन्या गाडीत वाटी तारेच्या बल्बसाठी बनवलेली असते. घोटाळा येथेच होतो.

जुन्या दिव्याचे गणित

बहुतेक जुन्या जीप-मोटारींना एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. ६०/५५ वॅट म्हणतात तो हाच. त्यात दोन तारा असतात, एक अप्परची आणि एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी पळी असते. ती पळी खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून वाटीच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो परतून खाली रस्त्यावर जातो. भिंतीवर पाहिले तर डिपरच्या उजेडाला वरून स्वच्छ रेघ दिसते. रेघेच्या खाली उजेड, वर अंधार. समोरच्या माणसाचे डोळे त्या वरच्या अंधारात असतात.

ही रेघ एवढ्याशा तारेच्या जागेवर अवलंबून असते. तार एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी रेघ विस्कटते. एलईडी बल्बमध्ये तारेच्या ठिकाणी चिपांची पट्टी असते. तिची जाडी वेगळी, जागा थोडी वेगळी, आणि पळी असली तर असली. मग वाटी बिचारी काय करणार? तिला जसा उजेड मिळेल तसा ती फेकते, म्हणजे थोडा रस्त्यावर, थोडा झाडांच्या शेंड्यांवर आणि उरलेला समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

आपल्याला फवारणी पंपाचे उदाहरण चटकन पटेल. पंप तोच, औषध तेच, पण नोझल दुसरेच बसवले तर औषध पानावर न बसता वाऱ्यावर जाते. टाकी मात्र रिकामी होते. पाटाच्या पाण्याचेही तसेच. पाट फुटला की शेतात पाणी भरपूर दिसते, पण उसाच्या मुळाशी ते जातेच असे नाही.

खोक्यावरचे आकडे

बाजारात एलईडी बल्बच्या खोक्यावर २०,००० लुमेन असा आकडा छापलेला असतो. लुमेन म्हणजे एकूण उजेडाचे माप. साध्या एच-४ बल्बला डिपरवर सुमारे १,००० आणि अप्परवर सुमारे १,६५० लुमेन मिळतात. चांगली एलईडी वॅटमागे साधारण १०० लुमेन देते. बल्ब २५ वॅटचा असेल तर जास्तीत जास्त २,५०० लुमेन झाले. २०,००० साठी दोनशे वॅट लागतील, आणि तेवढ्याने बल्बच काय, वाटीही वितळेल. तेव्हा खोक्यावरचा आकडा हा साखर उतारा नव्हे, की प्रयोगशाळेतून तपासून आला.

दुसरे असे की, गाडीच्या नाकासमोर पांढराशुभ्र उजेड पडला की ड्रायव्हरला फार बरे वाटते. पण डोळ्याची बाहुली जवळच्या उजेडाने बारीक होते, आणि मग लांबचे उलट कमी दिसते. जवळ दिवाळी, पुढे अमावास्या.

बारवीच्या रस्त्यावर

आपल्या पुष्कळ सभासदांची मुले अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या भागात कारखान्यांत नोकरीला आहेत. सुट्टीच्या आदल्या रात्री ती जुनी गाडी काढतात आणि बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला येतात. तेथून माळशेज घाट चढून घाटावर गावी. बारवी धरण १९७२ सालचे, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेले. तिकडच्या कारखान्यांना आणि शहरांना त्याचेच पाणी जाते. गावठाण मागे पडले की धरणाचा रस्ता झाडीतून, वळणावळणाने जातो, आणि पावसाळ्यात तेथे रात्र फारच काळी असते.

यंदा भाद्रपदात पंपाच्या सुट्या भागांसाठी आम्ही अंबरनाथला गेलो होतो. परतीला एका सभासदाचा मुलगा आपली जुनी मारुती घेऊन सोबत निघाला. त्याने आठच दिवसांपूर्वी एका दुकानातून एलईडी बल्ब बसवून घेतले होते. तो पुढे आणि आमची जीप मागे. पाऊस सुरू होता. डिपर असतानाही त्याच्या गाडीचा उजेड झाडांच्या फांद्यांवर दिसत होता. समोरून एक मोटारसायकलवाला आला, त्याने एक हात डोळ्यांवर धरला आणि गाडी थेट साईडपट्टीवर उतरवून थांबवली. दोन वळणे पुढे डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बाया कडेने चालल्या होत्या. पोरगा त्यांच्या अगदी जवळ जाऊन कचकन ब्रेक मारता झाला. त्या त्याला दिसल्याच उशिरा.

मुरबाडला पोचल्यावर एका भिंतीसमोर गाडी उभी करून पाहिले. रेघ म्हणून नव्हतीच, नुसता पांढरा ढग. त्याचे जुने बल्ब डिकीत होते, ते परत बसवले. भिंतीवर पिवळसर उजेड आला, पण रेघ सरळ आली. माळशेजच्या पायथ्याला चहाला थांबलो तेव्हा पोरगा म्हणाला, "काका, उजेड कमी झाला, पण रस्ता दिसायला लागला." आमच्या सगळ्या लेखाचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.

पावसाचेही ध्यानात घ्यावे. ओले डांबर आरशासारखे असते. आपला उजेड त्यावरून घसरून पुढे जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. आपल्याकडे थोडाच परत येतो, म्हणून रस्ता काळा दिसतो. एलईडीच्या निळसर पांढऱ्या उजेडाचा डोळ्यांना त्रास जास्त होतो. पावसात आणि घाटातल्या धुक्यात जास्त उजेड हा उपाय नाही. डिपर, कमी वेग आणि स्वच्छ काच हाच उपाय.

दोन सेकंदांचा हिशोब

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. समोरच्याचे डोळे दोनच सेकंद दिपले तरी तो ३३ मीटर आंधळा चालला. एवढ्या अंतरात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अख्खा मावतो. कोरड्या रस्त्यावर त्या वेगाला गाडी थांबायला, ड्रायव्हरला समजायला लागणारा वेळ धरून, सुमारे ५० मीटर लागतात. ओल्यावर त्याहून जास्त. आता विचार करा. ज्याचे डोळे आपण दिपवले, त्याच्या पुढे आपल्याच कारखान्याची बिनदिव्याची टायरगाडी असेल तर? गाडीवान आपला, बैल आपले, आणि दिपवणारा दिवाही आपलाच.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ प्रमाणे पुढचा दिवा कायम खाली वळवलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्याला तो दिपवता कामा नये. दीड मीटर म्हणजे मोटारसायकलवाल्याच्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. "दुकानदाराने बसवून दिले" ही सबब चालत नाही. गाडीचा मालक जबाबदार असतो.

आधी हे करावे

जुना दिवा मंद झाला म्हणजे बल्ब वाईट, असे नाही. पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. काच आणि वाटी. काच आतून-बाहेरून धुवून पाहावी. वाटीचा मुलामा उडाला असेल, गंज चढला असेल किंवा आत पाणी शिरले असेल तर कोणताही बल्ब घाला, उजेड येणार नाही. वाटी बदलणे हाच मार्ग. जुन्या जीपचा सात इंची गोल दिवा अजूनही सहज मिळतो.

२. व्होल्टेज. बल्बच्या उजेडाला व्होल्टेजचे फार वेड. दहा टक्के व्होल्टेज कमी झाले तर उजेड दहा टक्के कमी होत नाही, जवळजवळ तीस टक्के कमी होतो. गाडी चालू ठेवून, दिवे लावून मीटरने दोन ठिकाणी मोजावे. समजा बॅटरीपाशी १३.५ व्होल्ट आले आणि बल्बच्या पिनेपाशी १२, तर एक तृतीयांश उजेड वायरीतच मुरला. आपल्या लांबच्या शेतावरच्या मोटारीला बारीक केबल टाकली की काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. तसेच हे.

३. अर्थिंग. पत्र्याला लावलेली अर्थची वायर गंजलेली असते. ती सोडवावी, पॉलिश पेपरने पत्रा घासावा आणि परत घट्ट आवळावी. निम्म्या गाड्यांचे काम येथेच होते.

४. रिले. जुन्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. डिपरला दोन बल्बांचे मिळून नऊ अँपिअरच्या वर होतात. स्विचही तापतो आणि उजेडही कमी होतो. जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले टाकून घ्यावा. तोच बल्ब नव्यासारखा पेटतो.

५. बल्ब. फार दिवस वापरलेला हॅलोजन बल्ब आतून काळवंडतो. दोन्ही बाजूंचे बल्ब जोडीने बदलावेत, चांगल्या कंपनीचे आणि मूळ वॅटचेच घ्यावेत. ९०/१०० वॅटचे घेऊ नयेत, वायरिंग आणि वाटी जळते. काचेला बोटे लावू नयेत, फडक्याने धरावे.

६. रोख. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके हेच कोणी करत नाही. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. टायरची हवा बरोबर असावी, ड्रायव्हर जागेवर बसलेला असावा. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजून भिंतीवर खडूने खूण करावी. डिपरची वरची रेघ त्या खुणेच्या १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. स्क्रू फिरवून ती आणावी. डिकीत वजन असले की गाडीचे नाक वर होते. दिवाळीची साखर भरून घरी निघालात तर हे विसरू नका.

तरीही एलईडीच हवी असेल तर

काही सभासदांच्या जुन्या गाड्यांचा डायनॅमोच कमजोर आहे. त्यांना कमी विजेचा दिवा हवा, हे आम्हाला मान्य आहे. त्यांनी नुसता बल्ब न घेता भिंगासकट पूर्ण दिवा घ्यावा. त्यावर मान्यतेची खूण असावी, आणि बसवण्यापूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे.

एक खुबी मात्र जरूर पाहावी. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरची रेघ डाव्या बाजूला थोडी वर चढते. तिकडे कडेचा माणूस, दगड, मैलाचा खांब दिसतो. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून तिकडच्या दिव्यांची रेघ उजवीकडे चढते. जीपसाठी असे परदेशी नमुन्याचे गोल दिवे बाजारात मिळतात. असा दिवा आपल्याकडे लावला तर तो नेमका समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपली डावी कड अंधारात राहते. भिंतीवर रेघ उजवीकडे चढलेली दिसली तर तो दिवा दुकानदाराला परत करावा.

एलईडीच्या मागे उष्णता साठते, त्यासाठी पंखा किंवा पात्या असतात. आपल्या पाणंदीच्या धुळीने आणि पाचटाच्या भुशाने पंखा बंद पडतो आणि बल्ब जातो. तो एकदा गेला की नुसती चिप बदलून मिळत नाही. हेही हिशोबात धरावे.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीवाल्यांसाठी

एलईडीचा खरा उपयोग आपल्याला दोन ठिकाणी आहे. पहिला ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्यात. करंट अगदी कमी लागतो आणि हादऱ्याने तार तुटण्याची भीती नाही. दुसरा शेतात रात्री भरणी करताना, कामाच्या दिव्यासाठी. पण हा कामाचा पांढरा दिवा शेतापुरताच. डांबरीवर चाक आले की तो बंद झालाच पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागे पांढरा झोत चालू ठेवून चालणारे काही ड्रायव्हर आम्ही रोज पाहतो. मागून येणाऱ्याला तो झोत दिसतो, ट्रॉली दिसत नाही.

चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. मागे लाल, पुढे पांढऱ्या, बाजूंना पिवळ्या. टायरगाडीच्या मागेही लाल पट्टी हवीच. या पट्ट्यांना स्वतःचा उजेड नसतो. मागच्याचा दिवा त्यांच्यावर पडला तरच त्या चमकतात. म्हणून भरणी झाल्यावर लोंबणारे वाढे पट्टीवर आले नाहीत ना, हे पाहून, फडक्याने पट्टी पुसूनच गाडी हलवावी. चिटबॉयनेही खेप लिहिताना मागे एक नजर टाकावी.

बैलगाडी समोर दिसली की डिपर द्यावा आणि वेग कमी करावा. बैलाचे डोळेही दिपतात. तो बिचकला की जू सोडून कोठे जाईल सांगता येत नाही, आणि गाडीवर बहुधा बाई आणि लेकरू झोपलेले असते.

विनंती

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गट ऑफिसच्या भिंतीसमोर १० मीटरवर चुन्याची रेघ मारून ठेवत आहोत. सभासदांनी अंधार पडल्यावर आपली जीप, मोटार, ट्रॅक्टर तेथे आणून दिव्याचा रोख पाहावा. शेतकी मदतनीस खडू आणि टेप घेऊन हजर राहतील. यासाठी काही आकार नाही. ज्यांनी जुन्या वाटीत एलईडी बल्ब बसवले आहेत, त्यांनीही न लाजता यावे. भिंत काय ते खरे सांगेल. जुने बल्ब घरी असतील तर सोबत आणावेत.

शहरात नोकरीला असलेल्या आपल्या मुलांनाही हा अंक वाचायला द्यावा. घाट उतरून येणारी गाडी आणि फडातून निघालेली ट्रॉली शेवटी एकाच रस्त्यावर येतात. यंदाचा ऊस वेळेवर गव्हाणीत पडावा, आणि तो आणणारा प्रत्येक माणूस धडधाकट घरी पोचावा, एवढीच इच्छा.



— ऊस विकास अधिकारी